बोर्ड बागेत, लॅपटॉप धरमपेठेत

यावेळच्या पत्रांमध्ये बहुतेकांचं दुखणं एकच निघालं, मायक्रोपायथॉनवर (छोट्या चिपांवर चालणारं पायथॉन) चालणाऱ्या बोर्डांचा कोड वायर न लावता कसा बदलायचा. सारखे प्रश्न एकत्र करून, जागेत बसले तेवढे घेतलेत. पहिलं उत्तर लांबलंय कारण बाकीच्यांचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न: काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे, मी नोकरीसाठी नागपूरला धरमपेठेत राहतो. बागेत सहा ठिकाणी ईएसपी३२ (वायफायवाले छोटे बोर्ड) लावलेत, पाच मातीचा ओलावा मोजतात आणि मोटरघरातला एक रिलेवरून (विजेच्या सिग्नलवर चालणारा स्विच) स्टार्टर चालू-बंद करतो. तिथेच सिमवालं राऊटर आहे. जानेवारीत आंबिया बहाराचा ताण तोडायच्या वेळी (बहारासाठी बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू करताना) ओलाव्याचा आकडा बदलायचा होता, एक ओळ फक्त, त्यासाठी गाडी काढली, लॅपटॉप घेतला आणि एकेका खांबावरचा डबा खोलून यूएसबी लावत बसलो. घरचे हसून राहिले. हे नागपूरहून होत नाही काय? (बागाईतदाराचा मुलगा)

उत्तर: होते ना भाऊ, आरामात होते. पण आधी एक सांगतो, तो आकडा कोडमध्ये असायलाच नको होता. ओलाव्याची मर्यादा, मोटर किती मिनिटं चालवायची, किती वेळाने रीडिंग घ्यायचं हे सगळं एका वेगळ्या जेसन (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये ठेवा आणि बोर्डाने ती फाइल रोज एकदा सर्व्हरवरून आणावी, आकडा वेडावाकडा असला तर जुनाच धरून चालावं. लोक ज्याला अपडेट म्हणतात त्यातलं निम्मं काम हे आकडे बदलण्याचंच असतं, त्यासाठी कोडला हातही लावायला नको.

आता खरोखर कोड बदलायचा तेव्हाचं बोलू. तुमच्या बोर्डात दोन गोष्टी वेगवेगळ्या बसल्यात, एक मायक्रोपायथॉनचा इंटरप्रिटर, म्हणजे तुमचा कोड वाचून चालवणारा प्रोग्राम, जो तुम्ही एकदाच फ्लॅश केला (बोर्डाच्या कायमच्या मेमरीत लिहिला), आणि दुसऱ्या तुमच्या पीवाय फाइली, म्हणजे पायथॉन कोडच्या, ज्या त्याच फ्लॅशच्या उरलेल्या भागात छोट्या फाइलसिस्टिमवर राहतात. सी भाषेत लिहिलं असतं तर एका ओळीसाठी एक-दीड एमबीचं अख्खं फर्मवेअर (बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) पाठवावं लागलं असतं, इथे पाच-दहा केबीची एक फाइल बदलली की काम झालं. डेमियन जॉर्जने २०१३ मध्ये किकस्टार्टरवर पैसे जमवून मायक्रोपायथॉन उभं केलं तेव्हापासून हाच त्याचा मोठा फायदा आहे.

तुम्ही नागपूरहून बोर्डाकडे कोड ढकलायचा विचार करत असाल तर तो सोडा. सिमवाल्या राऊटरला बहुतेक वेळा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही, कंपनी शेकडो लोकांना एकाच पत्त्यामागे बसवते, त्यामुळे बाहेरून आत शिरायला दारच नसतं. पण आतून बाहेर जाता येतं. म्हणून बोर्डानेच सर्व्हरला विचारायचं, नवीन काही आहे का, आणि असेल तर स्वतः ओढून आणायचं.

हे करायला मेन डॉट पीवाय मधून तुमचा बागेचा कोड काढा. बोर्ड सुरू झाला की आधी बूट डॉट पीवाय चालते, मग मेन. मेनमध्ये फक्त अपडेटर ठेवायचा आणि बागेचा कोड, समजा, बाग डॉट पीवाय मध्ये. अपडेटर वायफाय जोडतो, सर्व्हरवरची आवृत्ती-क्रमांकाची चिमुकली फाइल वाचतो, आपल्याकडच्या क्रमांकाशी ताडून बघतो, सारखा असला किंवा नेटच नसलं तर काही न करता बाग डॉट पीवाय सुरू करतो (नेट नाही म्हणून बाग उपाशी राहिली असं व्हायला नको, हे लिहायला लोक विसरतात). क्रमांक नवा असेल तर फाइल वेगळ्या नावाने उतरवतो, हजारेक बाइटचे तुकडे वाचत आणि लिहीत, आणि लिहितानाच एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा) काढत जातो. सगळा मजकूर एकदम मेमरीत घेऊ नका, ईएसपी३२ वर एखाद वेळी निभेल पण ईएसपी८२६६ वर (त्याचा कमी मेमरीचा जुना भाऊ) मेमरी एररच येईल. आणि हे काम बूट झाल्या झाल्याच उरका, बाकी मॉड्यूल इम्पोर्ट व्हायच्या आधी, तेव्हा रॅम मोकळी असते, नंतर तुकडे तुकडे होऊन बसते आणि एचटीटीपीएसला लागणारा मोठा सलग तुकडा मिळत नाही.

हॅश सर्व्हरवर दिलेल्या हॅशशी जुळला की जुन्या बाग डॉट पीवायची एक कॉपी बाजूला ठेवायची आणि मग उतरवलेल्या फाइलचं नाव बदलून बाग डॉट पीवाय करायचं. जुनी आधी पुसायची नाही. ईएसपी३२ आणि पिकोच्या (रास्पबेरी पायचा छोटा बोर्ड) आजच्या मायक्रोपायथॉनमध्ये लिटलएफएस ही फाइलसिस्टिम असते आणि तिच्यात रिनेम एका झटक्यात होतं, ऐन त्याच क्षणी लाइट गेली तरी एकतर जुनी फाइल पूर्ण राहील नाहीतर नवी पूर्ण राहील, अर्धवट काही नाही. फॅट या जुन्या फाइलसिस्टिमवर ही हमी नाही, तिथे आधीची फाइल काढून मग नाव बदललं जातं आणि त्या फटीत लाइट गेली तर दोन्हीकडून गेलो. काटोलकडच्या लाइटीवर मी काही बोलत नाही, तुम्हीच रोज बघता.

इथपर्यंत कोणीही सांगेल. माझ्या मते खरं काम पुढे आहे, नवा कोड व्यवस्थित उतरला पण तो कोडच चुकीचा असला तर काय. फाइल बदलताना अपडेटरने "चाचणी" नावाची एक छोटी फाइल टाकावी आणि त्यात शून्य लिहावं. प्रत्येक बूटला ती दिसली की आकडा एकने वाढवायचा, तीनच्या पुढे गेला की जुनी कॉपी परत जागेवर आणायची आणि तो नवा क्रमांक नापास म्हणून लिहून ठेवायचा, नाहीतर बोर्ड तीच फाइल पुन्हा पुन्हा उतरवत बसेल. चाचणीची फाइल पुसायचा हक्क फक्त नव्या कोडला, आणि कधी, तर तो काही मिनिटं नीट चालला आणि सर्व्हरपर्यंत पोहोचला तेव्हाच. लोक इथे सेन्सरचं रीडिंग आलं की पास म्हणून मोकळे होतात. रीडिंग नाही आलं तर उद्या दुरुस्त कोड पाठवता येतो हो, पण जो कोड पुढचं अपडेट आणू शकत नाही तो रीडिंग कितीही सुंदर देवो, तुम्हाला गाडी काढायलाच लावणार. म्हणून परीक्षा त्याचीच घ्या.

यात एक खाच आहे. बाग डॉट पीवाय मध्ये एरर आली तर बोर्ड रीसेट होत नाही, तो गुपचूप आरईपीएलवर (हाताने आज्ञा टाइप करायच्या जागी) जाऊन बसतो, म्हणजे आकडा वाढतच नाही आणि तुम्ही धरमपेठेत वाट बघत राहता. त्यासाठी सगळ्या कोडभोवती ट्राय-एक्सेप्ट (एरर पकडायची पायथॉनची सोय) घाला, एरर एका फाइलमध्ये लिहा (फाइल वाढू देऊ नका, शेवटची एक-दोन पुरेत) आणि रीसेट करा. एक्सेप्टच्या पुढे एक्सेप्शन लिहा, नुसतं उघडं एक्सेप्ट नको, कारण एक्सेप्शनमध्ये कीबोर्ड इंटरप्ट येत नाही, त्यामुळे टेबलवर असताना कंट्रोल-सी दाबून बोर्ड थांबवता येतो. उघडं ठेवलं तर तेही गिळलं जातं आणि मग बोर्ड तुमचं ऐकतच नाही. आणि कोड एरर न देता नुसताच अडकला तर त्याला वॉचडॉग हवा, म्हणजे ठरल्या वेळात इशारा मिळाला नाही तर बोर्ड रीसेट करणारा टायमर. तो एकदा सुरू केला की बंद होत नाही, म्हणून फाइल उतरवताना मध्ये मध्ये त्याला खाऊ घालायला (तो इशारा द्यायला) विसरू नका.

मोटरवाल्या बोर्डाचं वेगळं. रीसेटच्या वेळी पिना काही क्षण मोकळ्या असतात आणि बाजारातले पुष्कळ रिले लो सिग्नलवर चालू होणारे असतात, त्यामुळे स्टार्टर उगाच खट् करू शकतो. रिलेच्या इनपुटला बोर्डाच्या ३.३ व्होल्टवरून पुल-अप रेझिस्टर (पिन मोकळी असताना सिग्नल वर धरणारा) लावा आणि मोटर चालू असेल तर अपडेट करायचंच नाही अशी अट कोडमध्ये घाला. नवी आवृत्ती सहाही बोर्डांना एकदम देऊ नका, मोटरघराजवळच्या ओलाव्याच्या बोर्डाला आधी द्या, रात्रभर जाऊ द्या, मग बाकीच्यांना. आणि अपडेटरला त्याच रस्त्याने अपडेट करायचा मोह आवरा. तो लहान ठेवा, पन्नास-साठ ओळींचा, एकदा नीट तपासा आणि मग तिकडे फिरकू नका.

प्रश्न: मी हिंगणा रोडच्या एका कॉलेजमध्ये शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी वेबरेपल (वायफायवरून मिळणारा आरईपीएल) चालू केलं, ब्राउझरमधून बोर्डवर फाइल जाते, एकदम भारी वाटलं. मग हे अपडेटर वगैरे एवढा कुटाणा लोक काहून करतात? बोर्ड हॉस्टेलच्या वायफायवर आहे. (एक विद्यार्थिनी)

उत्तर: टेबलवर काम करायला वेबरेपल छानच आहे ताई, सोडू नका. थॉनी या एडिटरमधूनही त्याला जोडता येतं, बोर्ड खोलीच्या दुसऱ्या टोकाला असला तरी उठायला नको. पण ते कायमचं चालू ठेवून बोर्ड कुठे लावायचा असेल तर थांबा. त्याचा पासवर्ड चार ते नऊ अक्षरांचाच असतो, मधे कुठलंही एन्क्रिप्शन नाही, पासवर्ड नेटवर्कवरून उघडाच जातो, पोर्ट ८२६६ आहे हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, आणि ज्याला पासवर्ड मिळाला त्याला नुसत्या फाइली नाही तर पूर्ण आरईपीएल मिळतो, म्हणजे तुमचा बोर्ड त्याचाच झाला. हॉस्टेलच्या वायफायवर किती जण असतात ते तुम्हाला जास्त माहीत. शिवाय ते एका वेळी एकाच बोर्डाशी बोलतं आणि समोर माणूस बसलेला लागतो, वर सांगितलेली परत फिरायची सोय त्यात काहीच नाही. फाइल अर्धी गेली तर अर्धीच राहते.

तुम्ही पत्रात पुढे विचारलंय की इंटरप्रिटरच बदलायचा असेल तर. ते ईएसपी३२ वर होतं, पण त्यासाठी फ्लॅशमध्ये फर्मवेअरच्या दोन जागा लागतात, चालू असलेलं एकीकडे आणि नवं दुसरीकडे लिहायचं, मग बूट कुठून ते बदलायचं. मायक्रोपायथॉनच्या डाउनलोड पानावर साध्या ईएसपी३२ साठी ओटीए (वायरशिवाय अपडेट) असलेलं वेगळं फर्मवेअर मिळतं, ४ एमबीच्या बोर्डावर बसतं, फक्त तुमच्या फाइलींना जागा कमी उरते. नवं फर्मवेअर चालू झाल्यावर ते ठीक आहे असं कोडने स्वतःहून सांगावं लागतं, नाही सांगितलं तर पुढच्या रीसेटला बोर्ड जुन्यावर परत जातो. वर बाग डॉट पीवायसाठी जे हाताने केलं तेच इथे बूटलोडर (सुरुवातीला फर्मवेअर चालू करणारा छोटा प्रोग्राम) करतो. साध्या फर्मवेअरवरून या फर्मवेअरवर यायला मात्र एकदा यूएसबी लागतेच, कारण फ्लॅशची वाटणीच बदलते, तेव्हा हा निर्णय डबा खांबावर चढायच्या आधी घ्या. एमपीवाय (आधीच कंपाइल केलेल्या) फाइली वापरत असाल तर एवढं बघा की त्या इंटरप्रिटरच्या आवृत्तीशी जुळल्या पाहिजेत, नाहीतर नवा इंटरप्रिटर त्या चालवायला नकार देतो.

प्रश्न: महालात राहतो. कूलरच्या पंपाला ईएसपी८२६६ लावला, दहा मिनिटं पंप चालू, थोडा वेळ बंद, पाणी वाचते. डबा कूलरच्या मागे खिडकीच्या जाळीबाहेर आहे. नवा कोड थेट मेन डॉट पीवायवर लिहून राहिलो होतो तेवढ्यात लाइट गेली, आता पंप चालतच नाही. बोर्ड गेला काय? मे महिना आहे साहेब, घरात बसवत नाही. (कूलरवाले काका)

उत्तर: बोर्ड गेला नाही काका, अर्धी फाइल राहिली एवढंच. इंटरप्रिटर आपल्या जागी आहे, तो मेन डॉट पीवाय वाचायला जातो, मधेच फाइल संपते, सिंटॅक्स एरर येते आणि बिचारा आरईपीएलवर जाऊन बसतो. तुम्ही बूट डॉट पीवाय मध्ये वेबरेपल चालू ठेवलं असेल तर आधी तेच करून बघा, मेन बिघडली तरी बूट चाललेली असते आणि ईएसपी८२६६ शेवटचं वायफाय स्वतःच लक्षात ठेवतो, म्हणजे कदाचित जाळीबाहेर हात घालायची वेळही येणार नाही. नसेल तर डबा काढा, यूएसबी लावा, ११५२०० वेगाने थॉनी किंवा एमपीरिमोट या साधनाने जोडा, कंट्रोल-सी दाबा, मेन डॉट पीवाय पुसा आणि पूर्ण फाइल पुन्हा टाका. जोडलंच जात नाही किंवा फाइलींची यादीच विचित्र दिसते असं झालं तर एसपटूल या फ्लॅशिंगच्या साधनाने पूर्ण फ्लॅश पुसून मायक्रोपायथॉन नव्याने घाला. तोवर पंप साध्या बटणावर चालू द्या, उकाड्यात टायमरचा हट्ट नको.

परत चढवताना दोन गोष्टी करा. पहिलं, वरच्या उत्तरातला अपडेटर, आणि त्याच्या सुरुवातीला दोन सेकंद थांबून बोर्डावरचं फ्लॅश लिहिलेलं बटण दाबलंय का ते बघायचं, दाबलं असेल तर पंपाचा कोड सुरूच करायचा नाही. बटण रीसेटनंतर दाबायचं बरं का, वीज देतानाच दाबून धरलं तर बोर्ड फ्लॅशिंग मोडमध्ये जातो आणि मग तो कोड सुरूच करत नाही.

दुसरं म्हणजे चार्जर. ईएसपीची मॉड्यूल साधारण ८५ अंशांपर्यंतसाठी बनवलेली असतात पण स्वस्तातल्या मोबाइल चार्जरला हे कोणी सांगितलेलं नसतं. आपल्याकडे मे मध्ये सावलीतच ४५ अंश होतात, त्यात प्लास्टिकचा बंद डबा, पश्चिमेचं ऊन आणि वरून खसचा ओलावा. वायफायवर पाठवताना बोर्ड क्षणभर तीनशे मिलिअँपिअरच्या वरही ओढतो, चार्जर तेवढ्यात खाली बसतो, बोर्ड रीसेट होतो, आणि नेमकं अपडेट उतरत असतानाच, कारण तेव्हाच वायफाय सर्वांत जास्त चालू असतं. पुष्कळांचा कोड चांगला असतो आणि दोष या पाच व्होल्टचा असतो. बऱ्यापैकी चार्जर घ्या, बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनांजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, आणि डबा कूलरच्या सावलीतल्या बाजूला सरकवा.

प्रश्न: कामठीच्या शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना शिकवते. मुलांना बोर्ड वर्गात फिरवायचे असतात, केबल सारख्या तुटतात. वायरलेसचं काही सोपं आहे का, अपडेटर वगैरे आम्हाला झेपणार नाही. (एक शिक्षिका)

उत्तर: मॅडम, तुम्ही सर्किटपायथॉन बघा, मायक्रोपायथॉनमधूनच निघालेलं आणि शिकणाऱ्यांसाठी केलेलं. ईएसपी३२-एस२ किंवा एस३ चा बोर्ड घ्या. सेटिंग्ज डॉट टॉमल नावाच्या फाइलमध्ये वायफायचं नाव, पासवर्ड आणि वेबसाठी वेगळा पासवर्ड लिहिला की ब्राउझरमधूनच कोड डॉट पीवाय उघडते, बदलून सेव्ह केलं की बोर्ड नवा कोड चालवतो. एक गोष्ट मुलांना आधीच सांगा, बोर्ड कॉम्प्युटरला लावलेला असेल आणि त्याचा ड्राइव्ह दिसत असेल तर ब्राउझरमधून सेव्ह होत नाही, एका वेळी एकच जण लिहू शकतो. ड्राइव्ह इजेक्ट करा किंवा पॉवरबँकवर चालवा. शाळेच्या वायफायला लॉगिनचं पान येत असेल तर बोर्डाला तिथून जाता येणार नाही, एक साधं जुनं राऊटर वर्गापुरतं लावा, त्याला इंटरनेट नसलं तरी चालतं.

प्रश्न: माझा कोड मी इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असा ठेवतो आणि बोर्ड तिथून एचटीटीपीएसने उतरवतो, सोबत हॅशची फाइलही तिथेच आहे. म्हणजे मी सुरक्षित ना? (बुटीबोरीचा वाचक)

उत्तर: तुम्ही बिघाडापासून सुरक्षित आहात, माणसापासून नाही. जो त्या जागेवर शिरून कोड बदलेल तो शेजारची हॅशची फाइल बदलणार नाही असं थोडंच आहे? तो हॅश फक्त एवढं सांगतो की उतरवताना बाइट सांडले नाहीत. आणि एचटीटीपीएसचं म्हणाल तर मायक्रोपायथॉनची रिक्वेस्ट्स लायब्ररी समोरच्याचं सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र) तपासतच नाही, एन्क्रिप्शन असतं पण पलीकडे नक्की कोण बसलाय याची खात्री नसते. तपासायला लावता येतं, त्यासाठी रूट सर्टिफिकेट बोर्डावर ठेवावं लागतं आणि घड्याळही बरोबर लागतं, म्हणजे आधी एनटीपीने (नेटवरून घड्याळ लावायची पद्धत) वेळ घ्यायची, नाहीतर बोर्डाला वाटतं अजून २००० सालच सुरू आहे आणि प्रत्येक सर्टिफिकेट त्याला अवैध दिसतं.

त्यापेक्षा साधा उपाय म्हणजे एचमॅक, गुप्त किल्ली घालून काढलेला हॅश. एक गुप्त किल्ली तुमच्या लॅपटॉपवर आणि बोर्डवर, सर्व्हरवर कधीच नाही. लॅपटॉपवर फाइलची सही काढायची, फाइलसोबत टाकायची, बोर्ड आपल्याकडच्या किल्लीने तीच सही पुन्हा काढून ताडतो. आवृत्तीचा क्रमांकही त्या सहीत धरा, नाहीतर कोणी तुमचीच जुनी, भोक असलेली आवृत्ती खऱ्या सहीसकट परत पाठवेल. लायब्ररी मायक्रोपायथॉनच्या संग्रहात आहे, मिप या इन्स्टॉलरने बसते. डबा चोरीला गेला तर यूएसबीवरून किल्ली वाचता येते, म्हणून प्रत्येक बोर्डाला वेगळी द्या. आणि तुमच्या पत्रासोबतच्या कोडमध्ये वायफायचा पासवर्ड सरळ लिहिलेला दिसला, तो आजच्या आज बदला आणि बोर्डावरच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, जिला अपडेटर हात लावत नाही.

प्रश्न: बाकी सगळं जमलं, पण फोनच्या हॉटस्पॉटवर माझा पिको डब्ल्यू जोडलाच जात नाही, घरच्या वायफायवर जोडला जातो. (सीताबर्डी)

उत्तर: हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल. पिको डब्ल्यू आणि साध्या ईएसपी३२ ला फक्त २.४ कळतं. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड बदला, आणि तरीही नाही जमलं तर सुरक्षेच्या पर्यायात फक्त डब्ल्यूपीए३ निवडलंय का तेही बघा, डब्ल्यूपीए२ करून पाहा.